अर्धविरामाच्या पुढचं

माझी नोकरी वाचवली ती चकलांब्याच्या ताईंनी, हे आधी लिहितो. काय झालं ते मग.

मी भंडाऱ्याकडचा. आठवीनंतर शाळा सुटली. वायरी ओढत ओढत पाटोद्याला आलो आणि एका इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात टिकलो. गावोगावच्या टॉवरवरची यंत्रं चालू आहेत का, ते एका वेब पानावर बघत बसायचं, हे माझं काम. चालू तर हिरवा ठिपका, बंद तर लाल. पानावर एक चौकट होती. तिच्यात यंत्राचा आकडी पत्ता टाकला की सर्व्हर, म्हणजे ऑफिसातला मुख्य कॉम्प्युटर, त्याला हाक मारून बघायचा.

आमच्या वहीत नोंदीची रीत ठरलेली: आधी पत्ता, मग अर्धविराम, मग करायचं काम. लाइनवरची माणसं व्हॉट्सअॅपवरही तसंच लिहायची. त्या दुपारी शिरूर कासारच्या यंत्राची ओळ आली. पत्ता, अर्धविराम, इंग्रजीत 'रिबूट'. म्हणजे ते यंत्र बंद करून चालू करा. पत्ता तेवढा घ्यायचा, तर मी अख्खी ओळ उचलून चौकटीत चिकटवली.

टॉवरवरच्या यंत्राला काहीच झालं नाही. आमचा सर्व्हरच बंद झाला. सगळे ठिपके गेले.

मालक खुर्चीतून उठले. "काय दाबलंस बे?"

"काही नाही मालक, पत्ता टाकला."

"पत्त्यानं सर्व्हर बसतो व्हय? आठवी पास माणूस बसवला, माझंच चुकलं. भंडाऱ्याची गाडी किती वाजता हाय बघ."

 घरी काय सांगायचं तेच सुचेना.

ताई आमच्याकडं कॉम्प्युटरचं सगळं बघायच्या. "थांबा मालक," त्या म्हणाल्या, "त्यानं काय टाकलं ते तर बघू." माझ्या मोबाइलमधली ओळ त्यांनी दोनदा वाचली. सर्व्हर उठल्यावर चौकटीत पत्ता टाकला, अर्धविराम दिला आणि पुढं तारीख विचारायचा हुकूम लिहिला. खाली आजची तारीख आली, वेळेसकट.

"बघा. इथं पत्त्याशिवाय काही चालायलाच नको. हे येडं पान अर्धविरामापुढचं सगळं हुकूम म्हणून पाळतंय. ह्याच्या हातून चुकून झालं म्हणून कळलं. कुणी मुद्दाम केलं असतं तर?"

"पण बाहेरचा कोण आत येतंय?"

"तुमी घरून मोबाइलवर उघडता, तसं कुणीबी उघडंल. पासवर्ड तर तुमच्या गाडीचा नंबर हाय."

मालक परत खुर्चीत बसले. मग मला म्हणाले, "जा, चहा सांग. तुला बी एक सांग."

ताईंनी लगेच पान बाहेरून बंद केलं, पासवर्ड बदलला, बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. पुढं कंपनीनं सुधारलेलं पान पाठवलं. मी अजून बटण दाबायच्या आधी ओळ तीनदा वाचतो. भीती काही गेली नाही.

ताईंचं घर चकलांब्याबाहेर शेतात आहे. तिथं रेंज नाही. त्यांची आई फोनवर बोलायला बांधावर येऊन उभी राहते, वारा आला की निम्मं ऐकूच येत नाही. आमची लाइन अजून तिकडं गेलेली नाही. ती जाईल तेव्हा त्या घरात वायर मीच नेणार, आणि पहिला फोन ताईंच्या आईला घरात बसून लावायला सांगणार.