आत्याचं चुकलेलं गणित

बाबा फरशा बसवायचे. जन्मभर गुडघ्यांवर बसून त्यांनी दुसऱ्यांची घरं चकचकीत केली. बोलायला तर भारीच. सिमेंट कालवता कालवता घरमालकाच्या तीन पिढ्यांची चौकशी करून मोकळे व्हायचे. अशा माणसाला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. कळायचं सगळं, पण शब्द ओठांशी येऊन अडायचे. मग चिडून ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, लाँड्री चालवते. शाळेत ती गणितात अगदीच ढ. बाबांनी समोर बसवून बीजगणित घोटून घेतलं, म्हणून पास झाली. एका दुपारी ती शाळेचं जुनं गणिताचं पुस्तक घेऊन आली.

"दादा, ऐक. बागेची लांबी रुंदीच्या दुप्पट. परिमिती साठ मीटर. तर रुंदी किती?"

बाबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ती आपली मोठ्याने सोडवत बसली. "रुंदी क्ष, लांबी दोन क्ष. मिळून तीन क्ष. तीन क्ष बरोबर साठ, म्हणजे क्ष वीस. सुटलं की!"

खोल्यांच्या कडेकडेने पट्ट्या बसवण्यात हयात गेलेल्या माणसाला हे कसं सहन व्हावं? बाबा वळले. डाव्या हाताने पेन्सिल ओढून घेतली, वेडावाकडा आयत काढला आणि चारही बाजूंवर टकटक करत राहिले.

"अगं बाई, चारही बाजू धरायच्या होय! म्हणजे सहा क्ष बरोबर साठ. रुंदी दहा!"

बाबा हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. मी चहाचा कप घेऊन दारातच थबकले.

मग आत्या रोज यायला लागली. मुद्दाम चुकायची की खरंच, देव जाणे. एकदा तिने वाचलं, "आईचं वय मुलीच्या तिप्पट. दोघींची बेरीज अठ्ठेचाळीस."

बाबांचे ओठ हलले. "स... समजा. समजा, मुलगी... क्ष."

आत्याचे डोळे भरून आले, पण तिने पुस्तक खाली ठेवलं नाही. "बरं, समजलं. पुढे?"

"चार क्ष... अठ्ठेचाळीस." दम घेऊन ते म्हणाले, "पोरगी बारा."

"आणि आई?"

"छत्तीस. तू... ढच."

आता बाबा कामावर जातात. खुर्चीत बसून नव्या कारागिरांना पाणी वाहून जायला फरशीला उतार कसा काढायचा ते सांगतात. शब्द सावकाश येतात, पण येतात. दुपारी आत्याला स्वतःच फोन लावतात. ती इस्त्री बाजूला ठेवते, गिऱ्हाइकाला थांबवते आणि त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत मध्ये एक शब्द बोलत नाही. मी मनातल्या मनात तिला हात जोडते.