‘कुठं’ न विचारणारे सुभेदार

बाहेर निघालेल्या माणसाला ते कधीही ‘कुठं?’ असे विचारत नसत. हातातले काम थांबवून चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, “लांब जणू?” सांगायचे की नाही, ते मग जाणाऱ्याने ठरवावे. आपल्याकडची जुनी माणसे हा संकेत पाळतात. कुणी ‘कुठं’ म्हटले म्हणून चपला काढून घटकाभर टेकणारे एखादे माणूस तुमच्याही घरी असेल. आमचे सुभेदार मात्र हा नियम पोस्टमनपासून मांजरापर्यंत सर्वांना लावत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तासगावजवळच्या एका लहानशा द्राक्ष सल्ला केंद्रात आम्ही एकत्र काम करत होतो. मी सांगलीहून वनस्पतिशास्त्र शिकून आलेली. ते खंडाळ्याकडचे, सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले. मळ्यातील दमटपणा मोजणारी यंत्रे आणि त्यांच्या तारा त्यांच्याकडे होत्या, तारांच्या टोकाशी असलेला जुना संगणक माझ्याकडे. पाने किती वेळ ओली राहिली यावरून डावणी हा बुरशीचा रोग येईल की नाही, हे मी गणिताने सांगत असे.

त्या हंगामात मी नवे गणित रचले. ते संगणकावरच्या लिनक्स या जुन्या कार्यप्रणालीवर चालेना, म्हणून एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरचे दुसरे लिनक्स घालायचे मी ठरवले.

“चालत्या गाडीचं चाक बदलतंय व्हय कुणी?” सुभेदार म्हणाले.

“गाडी उभी करूनच बदलणार आहे.”

“गाडी हुबी राहील. बागा राहत्यात का?”

आभाळ निरभ्र होते, म्हणून मी संध्याकाळी जुने पुसून नवे घातले. सकाळी उठून पाहते, तर रानभर धुके. रात्रभर चालूच ठेवलेला संगणक बटण दाबून नव्या लिनक्सवर सुरू केला. पडद्यावर ओळी धावल्या आणि मध्येच थांबल्या. पुन्हा सुरू केला, पुन्हा त्याच ओळीवर थांबला. जुन्याकडे परतावे म्हटले, तर त्याच्या फ्लॉप्यांपैकी एक वाचलीच जाईना. रात्रभराची मोजमापे संगणकात बसवलेल्या, मळ्यातल्या तारा जोडलेल्या कार्डाच्या स्मृतीत साठलेली होती, आणि वीज तुटली की ती पुसली जाणार होती. म्हणजे संगणक बंद करता येत नव्हता, नुसते बटण दाबून पुन्हा सुरू करायचा. वीज तर त्या दिवसांत केव्हाही जात असे.

दारात शेजारच्या मळ्यातले आबा उभे होते. त्यांची बाग फुलोऱ्यात होती. आदल्या हंगामात डावणीने त्यांचे घडच्या घड कुजले होते; पण फुलोऱ्यात उगाच औषध मारले, तर फूल गळते.

“आवं म्याडम, मारायचं का न्हाई, तेवढं सांगा. ट्रॅक्टरवर औषध कालवून ठेवलंय.”

“थोडं थांबा, आबा.”

“मी थांबतो. धुकं थांबंना.”

सुभेदार स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. “कार्ड काढतो. त्याचंच दुखतंय.”

“हात लावू नका.”

“रबरानं पुसून परत बसवतो की.”

“काढलंत की रात्रीचं सगळं गेलं. मग आबांना काय सांगू?”

त्यांनी हात मागे घेतला, पण स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला नाही. वीज गेली तर संगणकाचा पंखा थांबेल, म्हणून मी त्याच्या आवाजाकडे कान लावून होते.

“हे सुरू होताना करतंय तरी काय?” त्यांनी विचारले.

“आतल्या एकेका कार्डाच्या पत्त्यावर जाऊन विचारतंय. तू कोण, कुठं आहेस.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. “निघताना ‘कुठं’ विचारतंय?”

“हो.”

“मग अडणारच की. जुनं विचारत नव्हतं.”

मला हसू आले नाही, कारण ते खरे होते. जुन्याला सगळे पत्ते मीच हाताने सांगितले होते. नवे मात्र नेटवर्क कार्ड शोधत पत्ता पत्ता फिरत होते आणि आमच्या मुक्या कार्डाला तेच समजून हटकत होते. त्या हटकण्यानेच सगळे गोठत होते. एखादा पत्ता वगळण्याची सोय आहे, हे मी वाचले होते. संगणक सुरू होतानाच्या आज्ञेत मी तसे लिहिले.

“काय लिहिलंस, पोरी?” तोवर सुभेदारांनाही मी ‘म्याडम’च होते.

“या दारावर कुणाला काही विचारू नकोस.”

ओळी धावल्या. अडण्याची जागा आली आणि मागे पडली. मोजमापे उतरली, गणित सुटले. पाने पहाटेपासून ओलीच होती.

“मारा, आबा. आत्ताच.”

आबा ट्रॅक्टरवर चढले. सुभेदारांनी चष्मा कपाळावर सरकवला. “लांब जणू?”

“बागंत, सुभेदार. आणि कुठं मरायला जातोय?”

“ते तुज्या तोंडानं सांगितलंस. मी विचारलं न्हाई.”

त्या वर्षी आबांचे घड तगले.

मी तेव्हा संशोधन संस्थांच्या मुलाखतींना पुण्याला गुपचूप जात असे. केंद्रातले सगळे खोदून विचारत आणि मी काही तरी रचून सांगे. सुभेदार मात्र नुसते “लांब जणू?” म्हणत, आणि मी परतले की काही न विचारता चहाचा पेला पुढे सरकवत. पेला पुढे येई, तेव्हा मुलाखत कशी झाली हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलेले असे.

उन्हाळ्यात एकदा ते मला एसटीच्या थांब्यावर दिसले. पायाशी काळी लष्करी ट्रंक होती. गेले काही आठवडे त्यांना जिना चढताना धाप लागत होती. दोन्ही दिशांच्या गाड्या त्याच थांब्यावर थांबत. ‘कुठं’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता.

“लांब जणू?” मी म्हटले.

ते मनापासून हसले. “व्हय, पोरी. जरा लांबच.”

ते पुढे कधीच परत आले नाहीत. त्या दिवशी गाडी आली, मी त्यांची ट्रंक आत ठेवायला हात लावला आणि खाली उतरले. गाडी कुठली, ती पाटी तिच्या कपाळावरच होती; मी ती वाचली नाही. मी रस्त्याकडे पाठ करून उभी राहिले, गाडीचा आवाज संपेपर्यंत.