भावजींचं धुराडं

जव्हार संस्थानात पत्र्याशी संसार करणारा माणूस एकच होता, आणि त्याचं लग्न माझ्या थोरल्या बहिणीशी झालं होतं. भावजी कचेरीत कारकून. दिवसभर खर्डेघाशी करायची आणि घरी आलं की कोट खुंटीला टांगून घासलेटचे रिकामे डबे कापत बसायचं, हा त्यांचा नेम. त्यांनी पत्र्याचा पाट केला, पत्र्याचं देवघर केलं, पत्र्याचा पाळणासुद्धा केला. पण त्यात बाळाला ठेवायची हिंमत कुणाची झाली नाही. यांतली एकही वस्तू सरळ नसे. पाटावर बसलेला पाहुणा जेवताना हळूहळू उजवीकडे कलत जाई, आणि भावजी त्याला मोठ्या अगत्याने म्हणत, "सावकाश होऊ द्या. डाव्या मांडीवर जरा भार द्या, म्हणजे झालं."

ताईने हे सगळं हसून सोसलं. पण तिचे डोळे बिघडले तेव्हा हसू आटलं. स्वयंपाकघराला एकच झरोका, त्यात पावसाळाभर ओली लाकडं. डोळे सुजत, सकाळी चिकटत, तांदळातला खडा दिसेनासा झाला. वैद्य म्हणाले, "औषध देतो, पण धूर थांबला नाही तर नजर जाईल." मी तिच्या मदतीला जव्हारला गेले ती त्याच सुमारास. भावजी तेवढंच बोलले, "धूर मी घालवतो."

चुलीवर पत्र्याचं छत्र बसवायचं आणि नळीने धूर भिंतीबाहेर काढायचा, असा बेत. लांबच्या लांब सांधा त्यांनी एका दमात वितळलेल्या कथलाचा डाख देत जोडला. निवता निवता पत्रा पिळवटला, तो ठोकून सरळ केला आणि चारी कडा भिंतीला खिळ्यांनी घट्ट आवळल्या. चूल पेटली. थोड्या वेळात ठण्णकन आवाज झाला, छत्राने पोट पुढे काढलं, सांधा उकलला आणि धूर घरभर झाला. मोळी घेऊन आलेली जामसर गावची बाई दारातून ओरडली, "दादा, घर पेटला का काय?"

"घर नाही गं, पत्रा फुगलाय!" भावजी आतून खोकत म्हणाले.

दुसऱ्या छत्राची तीच गत, तिसऱ्याचीही. भावजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. एका दुपारी वाकडा पत्रा मांडीवर घेऊन ते मला सांगू लागले, "मधला भाग तापला की त्याला पसरायचं असतं. कडा थंड, त्या जागा देत नाहीत. मग तो जाणार कुठे? पोट काढतो. निवताना आखडतो आणि सगळ्यांना ओढून घेतो. हे कळतंय. पण मग सांधा द्यायचा कसा?"

ताई डोळ्यांवर ओली चिंधी ठेवून पडली होती. तशीच म्हणाली, "अहो, पोलकं शिवताना आम्ही आधी कच्चे टाके घालतो. एका टोकापासून शिवत सुटलं, तर कापडसुद्धा चुरमडतं."

भावजींनी मांडीवरचा पत्रा बाजूला सारला आणि नवा डबा कापायला घेतला.

चौथ्या छत्राला त्यांनी टाके घालावेत तसे डाख दिले. एक या टोकाला, एक त्या टोकाला, मग मधे; आणि प्रत्येक डाख निवेपर्यंत हात बांधून बसायचं. कडा तारेवर दुमडून ताठ केल्या. खिळ्यांची भोकं लांबट ठेवली. "तापल्यावर त्याला हलायला जागा नको का?" भावजी म्हणाले. चूल पेटली. छत्र जरासं कुरकुरलं आणि जागच्या जागी राहिलं. भावजी अंगणात धावले, नळीतून निघणारा धूर पाहून आत आले, पुन्हा अंगणात धावले. आत ताई डोळे उघडे ठेवून भाकरी थापत होती.

तिची नजर पहिल्यासारखी झाली नाही, पण राहिली. पुढे ओळखीपाळखीतून, अगदी मोखाड्याहूनसुद्धा, छत्रं करून मागायला माणसं येऊ लागली. पत्र्याचं दुसरं टोक धरायला ताई बसायची. भावजी एरवी गप्प बसणारे नव्हेत. पण मी कधी जव्हारला गेले की ओसरीवर ती दोघं दिसत: केस पिकलेले, मधे पत्रा, दोघांचे हात कडांवर, आणि तो निवेपर्यंत कुणीच काही बोलत नसे.