मुठीकडची अर्धी धार

कोंडिबांनी माझी भाजीची सुरी पहिल्यांदा हातात घेतली, तेव्हा त्यांना कुणी आंबलेला भात वाढावा असा चेहरा केला. मारुंजीत त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं येऊन मला आठवडासुद्धा झाला नव्हता. मी लातूरची, हिंजवडीत नोकरी करणारी, एकटी. आणि हे पंच्याहत्तरीचे घरमालक माझ्या दारात सुरी उलटीपालटी करत उभे. "हिनं टमाटं तरी कापत्यात का गं?"

संध्याकाळी सुरी परत आली. त्यांनी ती हातात दिली नाही, उंबऱ्यावर ठेवली. "उचल. धारंची वस्तू हातात दिली की भांडान लागतं." मी टोमॅटो कापला, पाठोपाठ बोटही कापलं.

मग दर रविवारी आम्हा भाडेकरूंच्या सुऱ्या त्यांच्या ओट्यावर रांगेत पडायच्या. त्यांच्याकडे निसणा होता, धार लावायचा दगड, वापरून मधोमध खोल गेलेला. त्यावर पाणी शिंपडून ते पातं सरळ घासत नसत. घासता घासता मनगट हळूच उचलत, तान्ह्या पोराला पालथं करावं तसं. त्यामुळे पात्याच्या दोन्ही बाजू धारेकडे जाताना तांदळाच्या दाण्यासारख्या फुगीर राहत. "धारंला पोट पायजे," ते म्हणत. "सपाट घासली की धार पातळ व्हती. दोन दिस लई चमकती, गाठीवर बसली की मुडपती. पोटाची धार जाड असती, पन लाकडात अडकत न्हाई, फाडत जाती. आन बोथट व्हायची वाट बघू नगं. रोज चार हात मारायचं, झालं."

सुऱ्या हा त्यांचा विरंगुळा होता. जीव होता तो कोयत्यात. कमरेला मागच्या बाजूनं लाकडी आकडी बांधलेली आणि तिच्यात कोयता अडकवलेला. त्यांच्या शेतावर आता बावीस मजली सोसायटी उभी आहे. मुलानं, जयसिंगदादानं, जमीन विकून दोन टेम्पो घेतले. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं कोयता काढून ठेवायला सांगितला तेव्हा आबा (कोंडिबांना सगळे आबाच म्हणत) म्हणाले होते, "आरं, तू उभा हाय तितं माझी नाचणी व्हती." आणि आत न जाता परत आले. उरलं होतं घरामागचं बांबूचं एक बेट.

त्या बेटातून गावातल्या प्रत्येक तिरडीचे दोन बांबू निघायचे. पन्नास वर्षं कुणाच्याही घरी माणूस गेलं की निरोप आधी आबांकडे यायचा. रात्रीचा पाऊस असो, त्यांच्याशी भांडलेला भाऊबंद असो, आबा जायचे, बांबूला हात लावून नमस्कार करायचे आणि एकाच घावात तोडायचे. एकाच. "मेलेल्या मानसाला दोनदा तोडू नये," एवढंच त्यांचं शास्त्र. घाव चुकू नये म्हणून तर रोज निसणा, रोज ते पोट. साळूबाई, त्यांची बायको, गेली तेव्हाही बांबू त्यांनीच तोडले. एकेका घावात. नंतर मात्र तिथंच बसून पोरासारखे रडले, असं जयसिंगदादानंच मला सांगितलं.

अलीकडे लोक सगळं साहित्य दुकानातून तयार आणत. आबांना त्याचं दुःख नव्हतं. त्यांचं मागणं एकच होतं, आणि ते जयसिंगदादाला जेवताना, टेम्पो धुताना, केव्हाही ऐकवत: "मला दुकानातलं नगं. माझ्या बेटातलं. माझ्या कोयत्यानं. एका घावात." दादा म्हणायचा, "आबा, घास तरी गिळू द्या की."

गेल्या दिवाळीनंतर आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला. कोयता खुंटीला टांगलेला, त्यावर तांबेरा चढायला लागला, आणि ते खाटेवरून त्याच्याकडे बघत राहायचे. मला ते बघवेना. उपकार फेडायची घाई वाईट असते. एका शनिवारी ते झोपलेले बघून मी कोयता उतरवला आणि रस्त्यावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात नेला. तिथल्या मुलानं ग्राइंडरवर ठिणग्या उडवत पाच मिनिटांत पातं आरशासारखं करून दिलं. मी खुशीत परत आले आणि तो त्यांच्या खाटेवर ठेवला.

आबांनी डाव्या हाताचा अंगठा धारेवरून फिरवला. मग पातं डोळ्यासमोर आडवं धरून, एक डोळा बारीक करून पाहिलं.

"लई चकचकीत झाला, पोरी," ते म्हणाले. "चांगलं केलंस."

मी गाढव, मला ते खरं वाटलं!

त्यानंतर दुपारी कधी घरून काम करत असले की खालून खर्र, खर्र असा आवाज यायचा. मला वाटायचं, सवय जात नाही म्हाताऱ्याची. डाव्या हातानं काय लावणार धार!

पौष महिन्यात एका सकाळी आबा गेले. जयसिंगदादानं दुकानाचं नावही काढू दिलं नाही. कोयता घेऊन तो बेटात शिरला, मागोमाग आम्ही पाच-सहा जण. त्यानं बांबूला हात लावला, नमस्कार केला आणि घाव घातला. पात्याची टोकाकडची बाजू बसली. बांबू अर्धा चिरला आणि कोयता त्यात रुतला. ओढून काढला तर धार नखाएवढी मुडपलेली. दादानं दुसरा घाव घातला, तो मुठीकडच्या बाजूनं बसला, आणि बांबू सपकन तुटला. दुसरा बांबू त्यानं त्याच बाजूनं तोडला. एका घावात.

स्मशानातून आल्यावर मी कोयता हातात घेऊन पाहिला. टोकाकडचं अर्धं पातं माझ्या ग्राइंडरचं, सपाट, मुडपलेलं. मुठीकडच्या अर्ध्याला तांदळाच्या दाण्याचं पोट. डाव्या हातानं, दोन महिने, बोटभर बोटभर करत ते तिथवर आले होते.

"दादा, हे माझ्यामुळं झालं," मी म्हणाले. मला रडू आवरेना. "मी नेला होता ग्राइंडरवर."

"ठावं हाय," जयसिंगदादा म्हणाला. "आबा बोललं व्हतं. 'पोरीला सांगू नगं, तिनं मायेनं केलंय. आन मी मेलो आन धार पुरी झाली नसंल तर मुठीकडनं घाल.' दहादा सांगितलं. आन आज मी इसरलो." तो ओट्यावरच बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं.

मग त्यानं कोयता माझ्या हातातून काढून घेतला, खाली फरशीवर ठेवला आणि निसणा त्याच्याशेजारी सरकवला. "उचल," म्हणाला.

आता रविवारी मी त्या ओट्यावर बसते. मनगट अजून वळत नाही. बोटभर धार झाली आहे, तीही धड नाही. गावातल्या कितीतरी माणसांना आबांनी एका घावात वाटेला लावलं, आणि त्यांच्या स्वतःच्या बांबूला दोन पडले. त्यातला पहिला माझा होता.