जाळीला लावलेलं करडईचं तेल

आमच्या कॉलेजात खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा होत असे. ही प्रथा मीच सुरू केली, रसायनशास्त्राचा विभागप्रमुख असताना. तराजू, भट्टी, पंप सगळं पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं, हळदकुंकू वाहायचं, वर झेंडूचं फूल. विज्ञानाच्या प्राध्यापकाला हे शोभतं का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी संस्कृतीवर अर्धा तास बोललो असतो.

त्या वर्षी पूजेत एक नवं यंत्र होतं. बेंबळीची एक मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी, आमच्याकडं संशोधन करत होती. पोटात कोबाल्ट असलेले रेणू जोडून तिनं पिंजऱ्यासारखे पोकळ रेणू बनवले होते आणि त्यांचा थर कार्बनच्या काळ्या कागदावर चढवला होता. धिरड्याला जाळी पडते तशी त्या थराला जाळी होती, फक्त डोळ्यांना न दिसणारी. तिच्यातून कार्बन डायऑक्साइड आत शिरायचा आणि वीज सोडली की त्याचा कार्बन मोनॉक्साइड व्हायचा. तो विषारी खरा, पण त्यापासून इंधन करता येतं.

संस्थेच्या अध्यक्षांचा साखर कारखाना होता. त्यांनी तिला विचारलं, "म्हणजे पोरी, आमच्या धुराड्यातनं डिझेल निघंल का?"

"लगेच न्हाय साहेब. आधी एवढ्याशा कागदावर नीट चाललं पाहिजे."

"कागदावर तर आमचं समदंच चालतंय की!"

दसरा झाल्यावर तिचा दावा तपासायला समिती येणार होती. नवमीला मुलगी गावी गेली होती. पूजेच्या वेळी तो काळा कागद मला मळकट दिसला. पाहुणे येणार, जरा चकाकू दे म्हणून मी त्यावर करडईच्या तेलाचं बोट फिरवलं.

समितीसमोर यंत्रातून नुसता पाण्यातला हायड्रोजन निघाला, कार्बन मोनॉक्साइड नाहीच. मुलगी वायर तपासत होती, सिलिंडर तपासत होती. मला मात्र ट्यूबलाइटच्या उजेडात कागदावरची चकाकी दिसली आणि सगळं कळलं. जाळी तेलानं बुजली होती. पण पूजेनं यंत्र बिघडलं, असं अध्यक्षांसमोर कोण बोलणार? निवृत्ती जवळ आली होती. समितीनं माझं मत विचारलं.

"मुलगी कष्टाळू आहे," मी म्हणालो. "उत्साहाच्या भरात घाईनं निष्कर्ष काढले असतील."

समितीनं चहा घेतला, शाल-श्रीफळ घेतलं आणि 'दावा सिद्ध झाला नाही' असा शेरा मारला. तिचं संशोधन थांबलं. ती कळंबला खाजगी क्लासमध्ये बारावीला शिकवू लागली. माझ्या निरोपसमारंभात, मी विद्यार्थ्यांत वैज्ञानिक दृष्टी रुजवली, असं भाषण झालं.

गेल्या वर्षी कॉलेजनं माझा सत्कार ठरवला. मी व्यासपीठावर उभा राहून तेलासकट सगळं सांगून टाकलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. "असं कबूल करायला लई मोठं मन लागतंय," अध्यक्ष माइकवर म्हणाले आणि मला दुसरी शाल घातली. मुलीचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी कळंबची एसटी धरली. क्लास सुटल्यावर तिला सांगितलं. खडू हातात धरून ती ऐकत राहिली.

"दुसरा कागद माझ्या कपाटात तयार होता, सर," ती म्हणाली. "तवाच बोलला असता, तर समिती चहा पिऊस्तोवर बदलला असता. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझंच काम खोटं होतं."

मी माफी मागायला लागलो.

"माफी ऱ्हाऊ द्या. भाषणाला लोक टाळ्या वाजवतेत. लिहून सही करून द्या."

तसं समितीला लिहून दिलं, आणि इथंही लिहितो आहे: तिचा दावा खोटा नव्हता, जाळी मी बुजवली. ते पत्र बघून परगावच्या एका प्रयोगशाळेनं तिला प्रयोग पुन्हा करायला बोलावलं आहे. बघायला येऊ का, म्हणून मी भीत भीत फोन केला.

"या की सर," ती म्हणाली. "पण हात खिशात ठिवायचे."