माझं डाएट आणि सासूबाईंची भूक

मैत्रिणींनो, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहून राह्यली.

मी वजन कमी करतेय, हे तुम्हाला माहीतच आहे. उकडलेल्या भाज्या, मूग, काकडी. भात बंद, तेल नावाला. दोन स्वयंपाक कोण करणार, म्हणून घरात सगळ्यांना तेच वाढायची. नवरा बाहेर काहीतरी खाऊन यायचा. सासूबाई काहीच बोलायच्या नाहीत. मला वाटलं, त्यांनाही मानवतंय.

आज कपडे वाळत घालताना त्यांना चक्कर आली. आमच्या मावला गावाहून ऑटोनं आदिलाबादला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांचं वजन केलं आणि मला विचारलं, "ह्यांना पोटभर जेवण मिळतं ना?"

शाळेत मुलांना आहाराचा धडा मीच शिकवते.

परत येताना विचारलं, "आई, भूक लागत होती त सांगितलं काऊन नाही?"

त्या म्हणाल्या, "तू बारीक होऊन खूश दिसत होती. म्या भाकर मांगतली असती, त तुलेबी खावीशी वाटली असती."

घरी आल्यावर ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि अंडी केली. त्या पोटभर जेवल्या. मी समोर बसून राहिले. माझ्या अंगाला जे हवं, तेच त्यांच्या वयाला पुरतं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

तुमच्या घरी तुमचं डाएट कोण गुपचूप करून राह्यलंय? आज विचारा.