मासे बिचकतात

आमच्या हिच्या मामांइतका बोलणारा माणूस त्या काळी गोदावरीच्या दोन्ही काठांवर दुसरा नव्हता, आणि असता तरी मामांनी त्याला बोलू दिलं नसतं. पंचवटीत कोथिंबिरीची जुडी आणायला आठ वाजता गेलेले मामा साडेअकराला परतत, ते भाजीवालीच्या मुलीचं कुठे जमलं, मानपानावरून कोण अडून बसलंय आणि मुलगा नक्की काय करतो ही सगळी माहिती घेऊन. कोथिंबीर तिथेच राहिलेली असे. न्हावी त्यांची दाढी एका बैठकीत कधीच करत नसे. "मामा, तुमचं होऊ द्या," म्हणत तो मधल्या वेळात दुसरं गिऱ्हाईक उरकून घेई. एकदा त्यांना ताप आला. डॉक्टरांनी तोंडात थर्मामीटर ठेवला आणि घरात अशी काही शांतता पसरली, की मामी हात जोडून म्हणाल्या, "डॉक्टर, राहू द्या की जरा वेळ. तुम्ही चहा घ्या तोवर."

अशा माणसाला छंद होता गळ टाकून बसण्याचा. गंगापूर रोडची वस्ती संपल्यावर पुढे शहराच्या मालकीचा एक जुना तलाव होता. तिथे मामा रोज सकाळी सायकलला बांबूची काठी बांधून जात. आमिष म्हणून कणकेत हिंग कालवत. मामींची हिंगाची डबी दर पंधरवड्याला रिकामी होई आणि मामा साळसूदपणे म्हणत, "हल्ली डब्याच लहान करतात." एवढं करून हाती लागे ती वीतभर मासळी, पण ती घरी येईपर्यंत मामांच्या तोंडी हातभर झालेली असे. तलावावर रिक्षावाले, कारकून, पाळी संपवून आलेले कामगार असे वीसेक जण येत. प्रत्येकाचा बसायचा दगड ठरलेला. एखादा आजारी पडला तर महिनाभर त्याचा दगड रिकामा राही, पण दुसरा कोणी तिथे टेकत नसे. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे तलावावर बोलायचं नाही. हा नियम पाळायला लावण्याचं काम, विश्वास ठेवा अगर ठेवू नका, मामांकडे होतं. मी एकदा त्यांच्यासोबत गेलो आणि नुसता शिंकलो, तर जावयाची भीडभाड न ठेवता त्यांनी डोळे वटारले आणि पुटपुटले, "मासे बिचकतात!"

मामांच्या डाव्या हाताच्या दगडावर मास्तर बसत. मास्तर म्हणजे मामांचे तीस वर्षांचे दोस्त. बौद्ध वसाहतीत राहायचे, शाळेत भूगोल शिकवायचे. अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांचा उजवा हात आणि वाचा गेली होती. सकाळी मामा हळूच म्हणत, "जयभीम, मास्तर." मास्तर डावा हात वर करत. तिथलं बोलणं एवढंच. बाकी गावात लोक मास्तरांशी ओरडून, शब्द तोडून तोडून बोलत, जणू वाचेबरोबर कानही गेले होते. त्यामुळे तलाव सोडला तर मास्तरांनी कुठेही जाणं बंद केलं होतं.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा तलावाला तारेचं कुंपण पडलं आणि पाटी लागली. आता तिथे बाग आणि होड्या येणार होत्या. गळ टाकायचा तो फक्त रविवारी, दोन तास. रखवालदारही ओशाळला होता. "मामा, माझा काय इलाज नाय. वरूनच आलंय."

मामा खवळले. तीन दिवस त्यांनी अधिकाऱ्यांपुढे करायचं भाषण आम्हा सर्वांवर घोटलं. त्यात गोदावरी होती, रामाचा वनवास होता, नागरिकांचे हक्क होते. मी म्हटलं, "मामा, रविवार तर आहे ना?" एरवी माझ्या एका वाक्याला दहा वाक्यं देणारे मामा या वेळी एकाच वाक्यावर थांबले. म्हणाले, "जावईबापू, उरलेले सहा दिवस मास्तरनं कुठं बसायचं?"

सोमवारी सकाळी वीस जण काठ्यांसह कचेरीवर गेले. मीही अर्धी रजा टाकून गेलो होतो. साहेब मीटिंगमध्ये होते, म्हणून मंडळी व्हरांड्यात बसली. इथेच चूक झाली. सवयीनं सगळे तलावावरच्याच क्रमानं बसले. मामांच्या डावीकडे मास्तर. आणि एकदा तसं बसल्यावर कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. घोषणा नाही, कुजबुज नाही. एकाला खोकला आला, त्यानं तो तोंडात रुमाल कोंबून जिरवला. दीड तास वीस माणसं उभ्या काठ्या धरून समोरच्या भिंतीकडे बघत बसलेली पाहून शिपाई घाबरला आणि साहेबांना मीटिंगमधून उठवून घेऊन आला.

"काय मागणी आहे तुमची?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामा उठले, त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तीन दिवसांचं भाषण कुठे गेलं कोण जाणे! तेवढ्यात मास्तरांनी डाव्या हातानं खिशातून वहीचं एक पान काढून पुढे केलं. आयुष्यभर फळ्यावर सुबक नकाशे काढणाऱ्या त्या माणसाची डाव्या हाताची अक्षरं पहिलीतल्या पोराची असावीत तशी होती. साहेबांनी वाचलं. मग जरा मोठ्यानं वाचलं, म्हणून आम्हाला कळलं. "साहेब, तिथे कोणीच बोलत नाही. म्हणून तिथे मी इतरांसारखा असतो. रोज जाऊ द्यावे."

मला तिथे उभं राहवेना. मी जिन्याशी जाऊन डोळे पुसले.

आठवड्याभरात हुकूम निघाला. मागच्या बांधाकडचे सात दगड रोज सकाळी नऊपर्यंत खुले. वीस जणांना सात दगड, म्हणजे तसा अर्धा पराभवच. पण मंडळींनी पाळ्या लावल्या आणि मास्तरांचा आणि मामांचा असे दोन दगड पाळीतून वगळले. त्या सोमवारी मात्र कचेरीतून घरापर्यंत मामा एक अक्षर बोलले नव्हते. मामींनी घाबरून आधी थर्मामीटर लावला होता.

गप्प बसण्याच्या नियमाचं खरं कारण मला पुढे रखवालदारानं सांगितलं. "पैले हे दोघंच लय वरडायचे इथं. मामा अन् मास्तर. भांडाभांडी नुसती! लोकं वैतागायचे. मग मास्तरांची वाचा गेली, अन् ते परत आले त्या दिवशी मामांनी कायदा काढला, मासे बिचकतात म्हणून. तवर मासे कधी बिचकले नव्हते."

मामांना जाऊनही आता काही वर्षं झाली. त्यांचा दगड रिकामाच होता. मग एका सकाळी मास्तरांनी मला खूण करून त्यावर बसवलं. तेव्हापासून जमेल तेव्हा मी जातो. गळ मला धड टाकता येत नाही. "जयभीम, मास्तर," म्हणतो, ते डावा हात वर करतात. मामांबद्दल दोघांनाही पुष्कळ बोलायचं असतं. पण मी बोललो तर त्यांना नुसतं ऐकत बसावं लागेल, म्हणून मीही गप्प बसतो.